मुलांचे वाचन आणि शाळेचे कपाट



मुले वाचत नाहीत, ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. तीत नवे असे फारसे काही नाही. गावोगाव चित्रपट दाखविले जाऊ लागले तेव्हा ती ऐकू आली होती, दूरदर्शनसंच घरात आले तेव्हा ती पुन्हा ऐकू आली, आणि आता तिचा रोख मोबाईलकडे वळला आहे. तथापि, पूर्वीच्या साधनांहून मोबाईल एका बाबतीत निराळा आहे. चित्रपटाला ठराविक वेळ होती, तिकीट होते. दूरदर्शनचे कार्यक्रमही एके काळी रात्री संपत असत. मोबाईलला अशी वेळ नाही. तो सदैव हाताशी असतो, आणि एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. त्याच्याशी ज्याने स्पर्धा करावी अशी अपेक्षा आहे, ते पुस्तक त्या वेळी कोठे असते? पुष्कळ ठिकाणी ते शाळेच्या लोखंडी कपाटात असते, आणि कपाटाला कुलूप असते. मुलांच्या वाचनाचा प्रश्न हा मुख्यतः या अंतराचा प्रश्न आहे.

मोबाईल मुलांच्या हाती आला कसा, हेही विसरून चालणार नाही. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून, शाळेच्याच सांगण्यावरून, अनेक घरांत तो मुलांना मिळाला. ज्यांच्यापाशी तो नव्हता त्या पालकांनी प्रसंगी उसनवारी करून तो घेतला. साथ ओसरली, शाळा उघडल्या. मोबाईल घरातच राहिला. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना या बाबतीत काही प्रश्न विचारण्यात आले होते. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामी त्याचा उपयोग करणारी मुले ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी करणारी ७६ टक्के. अभ्यासाच्या नावाने घरात आलेल्या वस्तूचा हा जमाखर्च आहे. मुलांना दोष देण्यापूर्वी तो वडीलधाऱ्यांनी पाहिलेला बरा.

याच पाहणीतील दुसरी आकडेवारी अधिक चिंताजनक आहे. इयत्ता दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१८ साली जेमतेम निम्मी होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांपर्यंत खाली आले. २०२४ मध्ये ते पुन्हा निम्म्याच्या जवळपास पोहोचले, ही समाधानाची बाब होय. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की, पाचवीतील निम्म्या मुलांना गोष्टीचे पुस्तक हाती दिले तरी ते वाचता येणार नाही. जे मूल अक्षराला अक्षर जुळवीत, जोडाक्षरापाशी अडखळत, एका ओळीला अर्धे मिनिट लावते, त्याला ओळीच्या शेवटी पोहोचेतो तिचा आरंभ आठवत नाही. गोष्टीत त्याला रस वाटावा कसा? चित्रफीत त्याच्याकडून असे कोणतेच श्रम मागत नाही. अशा मुलाला ‘मोबाईल सोड, पुस्तक वाच’ असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास विहिरीच्या काठावर उभे करून पोहण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे. वाचनाची सवय आणि वाचनाची क्षमता या एकमेकींच्या आधारानेच वाढतात. क्षमता येते ती पुष्कळ वाचल्याने, आणि पुष्कळ वाचावयाचे तर सोपी, गमतीची, लहान लहान पुस्तके पुष्कळ हवीत. पाठ्यपुस्तक एकच असते. ते संपले, की या मुलाचे वाचनही संपते.

हे मर्म ज्यांनी फार पूर्वी ओळखले, त्यांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव अग्रभागी आहे. १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८७५ मध्ये दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. वाचता न येणे म्हणजे काय, हे त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत स्वतः अनुभवलेले होते. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा सोडल्यावर मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही, तर दोनचार वर्षांत शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे त्यांच्या ध्यानी आले होते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले आणि ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले; पण खेड्यातील वाचकाला बडोद्यास येणे शक्य नव्हते. तेव्हा पुस्तकांनीच खेड्यात जावे, अशी फिरत्या ग्रंथालयांची योजना आखण्यात आली. पेट्यांतून निवडक पुस्तके गावी जात, वाचून झाली की परत येत, आणि पेटी नव्या पुस्तकांसह दुसरीकडे रवाना होई. गावाला स्वतःचे वाचनालय हवे असेल, तर त्याने वर्गणी उभारावी आणि तितकीच भर प्रांत पंचायतीने व राज्याने घालावी, अशीही रीत होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही व्यवस्था आजच्या एखाद्या केंद्रातील दहाबारा शाळांना जशीच्या तशी लागू पडेल. प्रत्येक शाळेपाशी थोडी पुस्तके असतात, आणि ती मुलांनी एका सत्रातच वाचून संपविलेली असतात. महिन्याच्या शिक्षण परिषदेला शिक्षक एकत्र येतातच. येताना प्रत्येकाने तीस पुस्तकांची एक पिशवी आणावी आणि जाताना दुसऱ्या शाळेची घेऊन जावी. यास नवे अनुदान लागत नाही, नवे पद लागत नाही. लागते ती केंद्रप्रमुखांची संमती आणि एक वही.

पुस्तके मुळातच कमी आहेत, असे कोणी म्हणेल. काही शाळांपुरते ते खरे आहे. तथापि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी निराळ्या अनुदानाची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये राज्यभर पसरलेली आहेत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची जोडली, तीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत ग्रंथालये हा एक विषय आहे. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात गटारे, रस्ते, दिवाबत्ती यांना जागा मिळते, आणि ती मिळावयासच हवी. परंतु ग्रंथालय हादेखील पंचायतीचाच विषय आहे, ही गोष्ट ग्रामसभेत क्वचितच कोणी बोलून दाखवितो.

एवढे असूनही कपाटाला कुलूप असते, आणि त्याचे कारण शिक्षकाची अनास्था हे नव्हे. कारण नोंदवहीत आहे. पुस्तक ही शाळेच्या साठा नोंदवहीत चढविलेली वस्तू असते. मुख्याध्यापकाची बदली झाली की कार्यभार देताना ती मोजून द्यावी लागते. एखादे पुस्तक हरवले वा फाटले तर खुलासा द्यावा लागेल, कदाचित रक्कम भरून द्यावी लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. पुस्तके मुलांना न देणारा मुख्याध्यापक तपासणीत निर्दोष ठरतो. देणारा अडचणीत येऊ शकतो. या स्थितीत कुलूप लावणे हेच शहाणपणाचे ठरते, मग वाचनावर कितीही व्याख्याने होवोत. येथे केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१५ वा नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. ग्रंथालयातून वर्षभरात दिल्या गेलेल्या वा हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके हरवली, तर ती हानी वाजवी समजावी, असे तो सांगतो. मात्र त्यात अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी, आणि एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर चौकशी व्हावी, अशी अट आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी नव्हे. परंतु त्यामागील समज फार मोलाची आहे: पुस्तके वापरली तर काही हरवणारच, हे तिजोरीचे रक्षण करणाऱ्यांनीही मान्य केले आहे. मोठ्या माणसांच्या ग्रंथालयास जी सवलत आहे, ती आठ वर्षांच्या मुलांच्या ग्रंथालयास नाकारण्याचे कारण दिसत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी ‘किती पुस्तके आहेत?’ या प्रश्नाआधी ‘गेल्या महिन्यात किती पुस्तके घरी गेली?’ हा प्रश्न विचारला, तर कपाटे उघडू लागतील. पाने दुमडलेले, कडा झिजलेले, शिलाई सुटलेले पुस्तक तपासणीत नापसंतीने बाजूला ठेवले जाते. वस्तुतः तेच पुस्तक मुलांना सर्वांत आवडलेले असते, आणि त्याचे यथाकाल निर्लेखन करून तेच पुन्हा विकत घ्यावे, हा त्याचा योग्य अर्थ होय.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडते, मुले पटांगणात पुस्तके घेऊन बसतात, छायाचित्रे निघतात आणि ती मोबाईलवरून वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतात. १६ तारखेस काय घडते, याची विचारणा कोणी करत नाही.

याचा अर्थ मोबाईल हा शत्रू मानावा, असा नव्हे. फार लहान मुलांपुरता प्रश्न स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एका वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाचा पडद्यापुढील वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. त्यापुढील वयाची गोष्ट मात्र विवेकाने ठरवावी लागते. कागदावरील आणि पडद्यावरील वाचनाची तुलना करणारे ५४ अभ्यास काही संशोधकांनी २०१८ मध्ये एकत्र तपासले. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. कागदावर वाचलेले अधिक चांगले समजते, विशेषतः माहितीपर मजकूर असेल आणि वेळ मर्यादित असेल तेव्हा, असे त्यातून निघाले. गोष्टींच्या बाबतीत मात्र तसा फरक आढळला नाही. मुले पडद्यालाच सरावलेली आहेत, त्यांना कागदाची गरज उरलेली नाही, हे म्हणणेही त्यात टिकले नाही; उलट २००० ते २०१७ या काळात कागदाचे पारडे जडच होत गेले. शाळांतून संगणक फार लवकर आणणाऱ्या स्वीडनने २०२३ साली छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनरची तरतूद केली, ती याच चिंतेपोटी.

तेव्हा भूगोलाचा पाठ कागदावर वाचावा. गोष्ट, पुस्तक नसेल तर, पडद्यावर वाचण्यास हरकत नसावी. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आज संगणकावर उपलब्ध आहेत. २०१५ पासून चालू असलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात, आणि छापूनही घेता येतात. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली, गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीचे पुस्तक आरंभी परकेच वाटते. तेथे गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी आणि मग तीच मराठीत वाचून दाखवावी. अशा गोष्टी त्या त्या बोलीत लिहून काढून, छापून, वर्गात टांगून ठेवणारे शिक्षक ग्रंथालयासाठी नवे ग्रंथच निर्माण करीत असतात.

वाचून दाखविणे हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. मुलाच्या वाचनाचा आरंभ ऐकण्यात आहे. रोज पंधरा मिनिटे शिक्षकाने केवळ आनंदासाठी मोठ्याने वाचावे. शेवटी प्रश्न विचारू नयेत, तात्पर्य काढावयास लावू नये. सारांश लिहून आणण्याची सक्ती झाली, की गोष्टीचा गृहपाठ होतो. मुलाने एकच पुस्तक पाचव्यांदा मागितले तर द्यावे. अर्धे वाचून टाकून दिले तरी रागावू नये; मोठी माणसेही तेच करतात. घरी आईवडिलांना वाचता येत नसेल, तर मुलाने वाचावे आणि त्यांनी ऐकावे. त्या वेळेपुरता घरातील मोठ्यांनी आपला मोबाईलही बाजूला ठेवावा. दिवसभर पडद्यात मान घातलेल्या पालकाचा उपदेश मुलाला पटत नाही.

कुलूप नसलेल्या पुस्तकांचे काय होते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील भिलार येथे आहे. ४ मे २०१७ रोजी हे स्ट्रॉबेरीचे गाव ‘पुस्तकांचं गाव’ झाले. आरंभी २५ ठिकाणी, त्यांतील पुष्कळ राहत्या घरांत, पुस्तके मांडली गेली आणि येणाऱ्याने कोठेही बसून वाचावे, अशी व्यवस्था झाली. प्रत्येक गावाला एवढे शक्य नाही. परंतु पंचायतीच्या कार्यालयात, अंगणवाडीत, दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर एक उघडी मांडणी ठेवणे कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे.

सर्वांत निकडीची गोष्ट उन्हाळी सुट्टीची. वर्षातील ज्या दीड महिन्यात मुलाला सर्वाधिक मोकळा वेळ असतो, नेमके त्याच काळात शाळा बंद आणि कपाटही बंद असते. आणि उन्हामुळे मूल घरात, मोबाईलपाशी असते. शाळेच्या शेवटच्या दिवशी निकालपत्राबरोबर प्रत्येक मुलाच्या हाती तीन पुस्तके द्यावीत, त्यांची नावे वहीत लिहून घ्यावीत, आणि ती आपसांत बदलून घेण्याची मोकळीक ठेवावी. मोठ्या गावात वाडीवार एक जबाबदार विद्यार्थी नेमावा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मोजदाद व्हावी. जी परत आली नाहीत त्यांची यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून, त्याच बैठकीत निर्लेखनाचा प्रस्ताव आणि तितक्याच नव्या पुस्तकांची मागणी मंजूर करून घ्यावी.