माळावरचा मुका साक्षीदार



पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांचें नांव निघालें, कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उंसाचे हिरवे फड उभे राहतात. तें वैभव नीरेच्या कालव्यांनीं आणि भीमेवरील उजनीच्या जलाशयानें दिलेलें आहे. परंतु कालव्याचें पाणी जेथें पोंचत नाहीं, तेथें याच तालुक्यांत कुसळी गवताचे विस्तीर्ण माळ पसरलेले आहेत. सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीचें रान हे त्या माळांचेच तुकडे होत. तेथें चिंकारा चरतो, खोकड बिळांत नांदतें, तरस रात्रीं हिंडतें आणि लांडगा धनगरांच्या कळपांच्या मागोमाग फिरतो. अलीकडच्या वर्षांत उंसाच्या आडोशानें बिबट्याहि या मुलुखांत आला आहे.

हीं जनावरें बहुधा रात्रीं बाहेर पडतात, आणि रात्रीं घडलेल्या गोष्टीला साक्षीदार मिळत नाहीं. मेंढवाड्यांतून कोंकरूं गेलें, कीं प्रथम लांडग्याचें नांव निघतें, मग बिबट्याचें. गांवच्या मोकाट कुत्र्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. या नांव घेण्यावर दोन जिवांचें भवितव्य टांगलेलें असतें. लांडग्यानें किंवा बिबट्यानें मेंढी मारल्याचें पंचनाम्यांत ठरलें, तर धनगराला सरकारी भरपाई मिळते. मोकाट कुत्र्यांनीं मारली, तर ती मिळत नाहीं. उलटपक्षीं, लांडग्यावर खोटा आळ आला, तर त्याच्या बिळाशीं धूर होतो किंवा मढ्यांत विष घातलें जातें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला वरच्या दर्जाचें संरक्षण दिलें आहे हें खरें. पण पुराव्यावांचून कायदा तरी काय करणार? असा पुरावा गोळा करणारें साधन म्हणजे ज्याला वनखात्याचे लोक ‘ट्रॅप कॅमेरा’ म्हणतात, तें यंत्र होय. तें कसें निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या साधनानें काय साधतें, याचें उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील अकोल्याच्या बागायती भागांत डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं शेतांतून असे कॅमेरे लावले. १७९ चौरस किलोमीटरांचा तो टापू. वस्ती दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसांची. अशा ठिकाणीं दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच बिबटे आणि तितकींच तरसें असल्याचें आढळून आलें. गांवकरी निजलेले असतां त्यांच्या बांधावरून हीं जनावरें ये-जा करीत होतीं!

आतां यंत्राकडे वळूं. या कॅमेऱ्याच्या तोंडाशीं उष्णता ओळखणारा एक डोळा असतो. भोंवतालच्या जमिनीहून वेगळ्या उष्णतेचें कांहीं समोरून हाललें, कीं तो कॅमेऱ्याला जागें करतो. आपल्या माळांची अडचण येथेंच सुरू होते. उन्हाळ्यांत दुपारीं पारा चाळीस अंशांवर चढतो, तेव्हां जनावराचें अंग आणि तापलेली जमीन यांत फारसें अंतर राहत नाहीं. समोरून चिंकारा गेला तरी यंत्र झोंपलेलेंच राहतें. म्हणून वैशाखांतल्या दुपारचें छायाचित्र नाहीं, यावरून जनावर नव्हतें असें अनुमान काढूं नये. याच्या उलट, वाऱ्यानें डोलणारें तापलेलें गवत त्याला वारंवार फसवितें आणि शेंकडों कोरीं चित्रें निघतात. कॅमेऱ्यापुढचें थोडें गवत कापावें आणि त्याचें तोंड उत्तरेस किंवा दक्षिणेस ठेवावें, म्हणजे उगवता-मावळता सूर्य थेट डोळ्यांत येत नाहीं.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. कांहीं कॅमेरे रात्रीं अदृश्य अवरक्त प्रकाश टाकतात. जनावर बिचकत नाहीं, चोराच्याहि नजरेस कांहीं पडत नाहीं, परंतु चित्र काळें-पांढरें निघतें. कांहीं कॅमेऱ्यांत पांढरा झगझगीत प्रकाश असतो. त्यांत रंग व खुणा स्पष्ट उमटतात. कोणता घ्यावा? आपल्याला काय विचारावयाचें आहे, त्यावर तें अवलंबून आहे. आपल्या शिवारांत कोणकोणतीं जनावरें येतात एवढेंच जाणावयाचें असेल, तर अवरक्त प्रकाशाचा साधा कॅमेरा पुरे. बिबटे किंवा तरसें नेमकीं किती, हें मोजावयाचें असेल, तर पांढरा प्रकाश हवा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंस एकेक कॅमेरा हवा. कारण बिबट्याचे ठिपके व तरसाचे पट्टे प्रत्येकाचे निराळे, आणि डाव्या अंगाचे उजव्यासारखे नसतात. चिंकाऱ्याच्या अंगावर तशा खुणा नसल्यानें त्याची गणती या रीतीनें होत नाहीं. लांडग्याच्या बाबतींत रंगाला वेगळेंच महत्त्व आहे. पुण्याच्या परिसरांतील माळांवर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचें जनुकीय तपासणीनें २०२३ सालीं उघड झालें. काळ्या-पांढऱ्या चित्रांत असा संशयित प्राणी ओळखणें अवघड.

मेंढवाड्यावर कोण येतें, हें पाहावयाचें असेल, तर झटकन जागा होणारा आणि थोडें चलचित्रहि घेणारा कॅमेरा पाहावा. लांडगा रेंगाळत नाहीं. यंत्र एक सेकंदानें उशिरा उठलें, तर चित्रांत शेपूट तेवढें उरतें. कॅमेरा गुडघ्याइतक्या उंचीवर, वाड्याकडे येणाऱ्या वाटेवर लावावा. तारीख व वेळ अचूक भरावी. त्यावांचून पुरावा लंगडा पडतो. आणखी एक सावधगिरी. मढ्याजवळ तरस दिसलें, म्हणून मेंढी तरसानेंच मारली असें ठरत नाहीं; दुसऱ्यानें टाकलेलें मढें खाणें हा तर त्याचा धर्मच आहे. पहिला कोण आला, हें पाहावें.

मोबाइलवर तत्काळ चित्र धाडणारे कॅमेरेहि आतां मिळतात. राखणीला ते उपयोगी. पण जेथें संदेशाचें जाळें अशक्त, तेथें त्यांचे सेल लवकर संपतात. शिवाय त्यांत एक मोठा धोका आहे. बिळाजवळच्या पिलांचें चित्र गांवच्या मोबाइलांवरून फिरूं लागलें, तर दुसऱ्या दिवशीं तेथें जत्रा भरते. जनावराचें ठिकाण सांगणें म्हणजे पुष्कळदां त्याचा नाश ओढवून घेणें होय. बिळाच्या तोंडाशीं कॅमेरा लावूंच नये, आणि आमिष तर कदापि ठेवूं नये. वनखात्याच्या जमिनीवर त्या खात्याची परवानगी घ्यावी. पाणवठ्यावर किंवा पायवाटेवर बायामाणसें येतात, तेथें गांवाला आधीं सांगावें. माणसांचीं चित्रें पुसून टाकावीं. गांवाचा विश्वास गेला, तर लोखंडी पेटी आणि कुलूप घालूनहि कॅमेरा टिकणार नाहीं.

सारांश, महाग तो चांगला असें येथें नाहीं. प्रश्न आधीं ठरवावा आणि यंत्र मागाहून घ्यावें. दोन साधे कॅमेरे नीट लावून वर्षभर चालविले, तर दहा किंमती कॅमेऱ्यांच्या आठवड्याभराच्या हौशीपेक्षां अधिक कळेल. धनगराला त्याची भरपाई आणि लांडग्याला त्याचा न्याय, दोन्ही एकाच खऱ्या साक्षीवर मिळावयाचीं आहेत. ती साक्ष निर्मळ ठेवणें मात्र आपल्या हातीं आहे.