कार्ब्युरेटरवरचे अनोळखी भाग

1970 आणि 1980 च्या दशकांतील अमेरिकी पेट्रोल पिकअप ट्रकांच्या कार्ब्युरेटरभोवती डबीसारखे अनेक छोटे भाग दिसतात. भागाला काय जोडले आहे आणि त्याचा दांडा कुठे पोहोचतो, यावरून त्यांची ओळख पटते.

फक्त वायर असलेला, थ्रॉटलच्या लिव्हरला टेकणारा भाग बहुधा आयडल सोलेनॉइड असतो. चावी सुरू असताना तो थ्रॉटल किंचित उघडा धरतो. चावी बंद होताच दांडा मागे सरकतो, थ्रॉटल पूर्ण मिटतो आणि इंजिन नंतर धडधडत राहत नाही. त्याच जागी व्हॅक्यूमची नळी असेल, तर तो एसीचा भार पडल्यावर आयडल वाढवणारा किकर असू शकतो. वायर नाही आणि नळीही नाही, असा भाग सहसा डॅशपॉट असतो. तो थ्रॉटल हळूहळू मिटू देतो. नळी असून दांडा चोककडे जात असेल, तर तो चोक पुल-ऑफ. इंजिन सुरू होताच तो चोक थोडा उघडतो.

सोलेनॉइड तपासताना इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि थ्रॉटल हाताने किंचित उघडावा. दांडा पुढे यायला हवा. किकर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने तपासता येतो. कोणतीही नळी काढण्यापूर्वी तिच्या जागेची खूण करून ठेवावी.