पान, ऊन आणि गाईची कातडी
(मंडळाच्या गणेशोत्सवात खकनार येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पशुपालन खात्यात गावोगाव फिरणारी माणसं. डिप्लोमा झाला, नोकरी लागली आणि तेव्हापासून लोकांचे गोठे हेच आमचे ऑफिस. नुकताच आपण पोळा केला, बैलांना पुरणपोळी भरवली. आता बाप्पाला दूर्वा आणि पत्री वाहतो आहोत. तेव्हा एका पानाची आणि एका गाईची गोष्ट इथे सांगितली तर वावगे ठरू नये.

आमच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. मृग कोरडा गेला होता, रानात गवत नव्हते. एका शेतकऱ्याने बाजारातून निमाडी गाय आणली होती. तांबडी, अंगावर मोठे पांढरे पट्टे. आठवड्यात निरोप आला, गाय भाजली म्हणून. जाऊन पाहतो तर पांढऱ्या पट्ट्यांवरची कातडी कडक होऊन सुटत होती, नाकाडाला भेगा पडल्या होत्या आणि शेजारची तांबडी कातडी मात्र जशीच्या तशी. कोणी रेघ आखून भाजावे तसे. शेतकऱ्याला वाटले, शेजाऱ्याने उकळते पाणी टाकले. बांधाचा जुना वाद होताच.

आम्ही मलम दिले आणि सांगितले, जखम वाळू द्या, गाय उन्हात बांधा. चौथ्या दिवशी गाय गेली. शेजाऱ्याशी बोलणे बंद झाले ते वेगळेच.

पुढे वरिष्ठ डॉक्टरांना हे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "डोळ्यांचा पांढरा भाग बघितला होता का?" बघितला नव्हता. तो पिवळा असणार होता. गाईने घाणेरी खाल्ली होती. कोणी टणटणी म्हणते, हिंदीत रायमुनिया म्हणतात. रंगीबेरंगी फुलांचे, उग्र वासाचे, आपल्या कुंपणाला आणि जंगलाच्या कडेला माजलेले हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणले गेले आणि आता देशभर पसरले. ओळखीचे गुरू त्याला सहसा तोंड लावत नाही. पण भुकेले किंवा परक्या गावाहून आणलेले जनावर लावते.

पान पोटात गेले, मग कातडी का जळावी? आणि फक्त पांढरीच का? हे समजायला आम्हांला वेळ लागला. आज ते सोपे करून सांगतो.

गुरे हिरवा चारा खातात. चाऱ्यातला हिरवा रंग, म्हणजे क्लोरोफिल, पोटातले जंतू फोडतात आणि त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. रोज, प्रत्येक गाई-म्हशीत. यकृत त्याला रक्तातून उचलते, पित्तात टाकते आणि तो शेणावाटे निघून जातो. काही बिघडत नाही.

घाणेरीच्या पानात लँटाडीन नावाची विषे असतात. ती यकृतावर घाव घालतात आणि पित्ताची वाट बंद पडते. मग तो पदार्थ रक्तात साठतो आणि कातडीपर्यंत पोचतो. तरीही अंधारात तो गरीब असतो. ऊन पडले की त्याचा स्वभाव पालटतो. तो प्रकाश पितो आणि ती ताकद जवळच्या प्राणवायूला देतो. असा तापलेला प्राणवायू क्षणभरही टिकत नाही, पण तेवढ्यात शेजारच्या पेशीचे आवरण फाडतो. पेशी मरते. अशा लाखो पेशी मेल्या की कातडी सुटते. काळ्या-तांबड्या कातडीतला रंग ऊन अडवतो, गुलाबी कातडीला ते छत्र नसते. म्हणून पट्टे जळतात. केस पांढरे पण खाली कातडी काळी, असा बैल पुष्कळदा वाचतो. म्हैस काळी म्हणून कातडी बचावते, पण यकृताचा घाव तिलाही तेवढाच.

म्हणजे त्या गाईला आम्ही उन्हात बांधायला सांगितले, ते औषध नव्हते, आगीत तेल होते.

आता याची दुसरी बाजू. 1900 च्या सुमारास जर्मनीतल्या म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याला दिसले की अॅक्रिडीन रंगाच्या पाण्यातले सूक्ष्म जीव उजेडात मरतात, अंधारात तगतात. त्या धाग्यावरून पुढे उपचार निघाले. जपानमध्ये 2003 साली फुफ्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी टॅलापोर्फिन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते क्लोरोफिलपासूनच बनवतात. शिरेतून औषध द्यायचे आणि नळीतून लाल लेसरचा उजेड फक्त गाठीवर टाकायचा. जिथे उजेड पडतो तिथल्या पेशी मरतात. नंतर काही दिवस रुग्णाला प्रखर उजेडापासून जपावे लागते. आमच्या गाईला मारणारा पदार्थ आणि हे औषध एकाच हिरव्या रंगाची लेकरे. फरक एवढाच की तिथे मात्रा, जागा आणि उजेड माणसाच्या हातात आहे.

आपल्याकडची बावची घ्या. कोडावर आयुर्वेदात तिचे बी पूर्वापार वापरतात. त्यात सोरालेन असते. त्याची रीत थोडी निराळी. ते पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरते आणि अतिनील किरण पडले की दोन्ही धागे एकमेकांना बांधून टाकते. अशी पेशी वाढू शकत नाही, मरते. सोरायसिसमध्ये भराभर वाढणाऱ्या पेशींना यानेच आळा घालतात, कोडातही हाच उपचार देतात. पण तो मोजून मिनिटा-मिनिटाने वाढवतात. बावचीचे तेल चोळून कोणी गच्चीवर उन्हात बसले तर फोड येतात, भाजते. बाहेर उन्हात लिंबू पिळल्यावर काही दिवसांनी हातावर काळे डाग उठतात, तेही याच जातीचे. तेव्हा माता-भगिनींनो, आपल्या पोरीच्या अंगावर पांढरा डाग दिसला तर ऐकीव तेल लावून तिला उन्हात बसवू नका. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि डाग लपवण्याची गोष्ट नाही, कोड संसर्गाने पसरत नाही.

आता गोठ्याकडे परत येऊ. चार गोष्टी लक्षात ठेवा.

नवे जनावर आणले की पहिले काही दिवस दावणीलाच पोटभर चारा द्या, उपाशी रानात सोडू नका. पाऊस लांबला की जास्त जपा, कारण तेव्हा रानात घाणेरीच हिरवी असते.

जनावराने खाणे आणि रवंथ सोडली, शेण घट्ट झाले, लघवी गडद झाली, ते सावली शोधू लागले, तर पापणी उलटून बघा. पिवळे दिसले की थांबू नका.

पहिले काम सावली. गोठ्यात बांधा, गोठा नसेल तर गोणपाटाचा आडोसा करा. यात पैसा लागत नाही आणि यानेच कातडी वाचते.

दुसरे काम, आम्हांला बोलवा. कातडी वाचली तरी विष आतच असते. पोट मंदावते, पान तिथेच पडून राहते आणि विष झिरपत राहते. त्यासाठी औषधी कोळशाची पूड, सलाईन असे उपचार असतात आणि ते जितके लवकर तितके बरे.

त्यानंतर अशा गाई आम्ही पुष्कळ पाहिल्या. लवकर कळवले, त्यातल्या बऱ्याच वाचल्या. पहिली वाचली नाही आणि ते आमचे चुकले, हे या व्यासपीठावर सांगायला संकोच वाटत नाही. त्या शेतकऱ्याकडे आणि शेजाऱ्याकडे आम्ही नंतर स्वतः जाऊन खरे कारण सांगितले. दोघे काही बोलले नाहीत. पण पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बांधावरची घाणेरी दोघांनी मिळून मुळासकट उपटली. आम्हांला तेवढे पुरे.

गणपती बाप्पा मोरया!