दुखणे यंत्राचे की घराचे?

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. पखाल वाहणारा रेडा आता रस्त्यावर दिसत नाही; परंतु म्हणीला मात्र घरोघरी नवे काम मिळाले आहे. घरातील संगणक चालता चालता एकाएकी बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो, त्याच्या पत्र्याच्या पेटीला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. गृहस्थ तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेतो. तेथे तो दोन दिवस निमूटपणे चालतो. दुकानदार एखादा भाग बदलून देतो, पैसे घेतो. आणि घरी आणल्यावर चौथ्या दिवशी तक्रार जशीच्या तशी उभी राहते. दुखणे यंत्राचे नसून घराचे असू शकेल, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही.

जयपूरच्या जुन्या वस्तीकडे पाहिले म्हणजे या प्रकाराचा उलगडा होतो. सवाई जयसिंहाने हे शहर १७२७ साली वसवले, तेव्हा रस्ते, चौक आणि चौकड्या आखताना उजेड, वारा, बाजार या सर्वांचा विचार झाला. विजेचा विचार होणे शक्यच नव्हते. दगडचुन्याच्या जाड भिंतींच्या हवेल्यांत वीज नंतर आली, आणि तीही हप्त्याहप्त्याने. प्रथम दोन दिवे, मग पंखा, मग रेडिओ, मग शीतकपाट, उन्हाळ्याचा कूलर, हिवाळ्याचा गीझर. प्रत्येक वेळी जुन्या तारेला नवी तार पिळून जोडली गेली आणि सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळली गेली. अखेरीस याच तारांच्या शेवटी संगणक येऊन बसला. अर्थात हे केवळ जयपूरचे नाही; पुण्याच्या वाड्यांत आणि मुंबईच्या चाळींतही हीच कथा घडली आहे.

या सांध्यांची करामत समजून घेण्यासारखी आहे. संगणकातील वीजपुरवठ्याचा भाग थोडीशी वीज साठवून ठेवतो. सेकंदाचे हजार भाग केले तर पूर्ण भार असताना त्यांपैकी सुमारे १६ ते १७ भाग एवढाच काळ त्या साठ्यावर यंत्र तग धरते. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० भागांचे असते. म्हणजे सैल सांधा एका आवर्तनापुरता जरी सुटला, तरी यंत्र बंद पडू शकते. दिव्याला त्याची खबर लागत नाही, पंखा तर गतीच्या जोरावर फिरतच राहतो; संगणक तेवढा मान टाकतो. तो नाजूक आहे म्हणून नव्हे, तर घरातील गुप्त व्याधी प्रथम त्याला जाणवते म्हणून.

हाच सांधा यंत्राहून अधिक मोलाची गोष्ट धोक्यात आणतो. समजा, त्याचा रोध अवघा २ ओहम आहे आणि त्यातून गीझरचा ९ अँपिअर प्रवाह वाहत आहे. त्या एका बिंदूवर १८ व्होल्ट खर्च होतात आणि सुमारे १६० वॅट उष्णता निर्माण होते. लाकडी पट्टीच्या आत लपलेल्या टिचभर जागेत शंभराच्या दिव्याहून अधिक उष्णता! घराला आग लागण्यास याहून जास्त काय हवे?

दुसरी व्याधी भूसंपर्काची, म्हणजे वायरमन ज्याला अर्थिंग म्हणतात त्याची. संगणकाच्या आत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी लहान धारित्रे असतात. ती किंचित प्रवाह पेटीकडे व तेथून जमिनीत सोडतात. जमिनीकडे जाणारी तार तुटलेली असली की पेटीवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह सहसा एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो. म्हणून झिणझिण्या येतात, इजा होत नाही. पण त्या झिणझिण्या हा निरोप आहे. अनेक घरांत सर्व सॉकेटांच्या भूतारा एकमेकींना जोडलेल्या असतात, मात्र जमिनीला कोठेच भिडलेल्या नसतात. अशा घरात कूलरच्या मोटारीचे वेष्टण फाटले, तर पूर्ण २३० व्होल्ट कूलरच्या पत्र्यावर येतात आणि त्याच तारेने संगणकाच्या पेटीवरही. भोवती सांडलेले पाणी आणि अनवाणी मूल, एवढ्यावर अनर्थ ओढवतो. काही जण यावर उपाय म्हणून भूतार न्यूट्रलला जोडतात. तो उपाय रोगाहून घातक आहे. कारण न्यूट्रल तुटताच उपकरणांचे सारे पत्रे जिवंत होतात.

मग निदान कसे करावे? जयपूरला जंतरमंतर उभारणाऱ्या जयसिंहाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ताऱ्यांच्या नोंदी चुकतात तेव्हा दोष गणिताचा की यंत्राचा, असा प्रश्न त्याच्यापुढे होता. पितळी यंत्रांचे आस झिजतात आणि मध्यबिंदू हलतो, हे कारण त्याने शोधले आणि दगडचुन्याची स्थिर यंत्रे बांधली. युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट त्याच्याच पदरी होते. एका वेळी एकच गोष्ट तपासावी, हीच शिस्त घरातही हवी.

प्रथम संगणक केव्हा बंद पडला आणि त्या क्षणी कोणते उपकरण सुरू झाले, याची आठवडाभर नोंद ठेवावी. नंतर तो शेजारच्या घरी दोन-चार दिवस चालवावा आणि शेजारचा आपल्या सॉकेटवर लावून पाहावा. दोष घराशी बांधलेला दिसला, की जाणत्या वायरमनला बोलवावे. फलक स्वतः उघडू नये. टेस्टरचा दिवा फेज कोठे आहे एवढेच सांगतो, भूसंपर्काविषयी तो मुका असतो. मीटरने तीन मापे घ्यावयास सांगावीत. फेज व न्यूट्रल यांत २३० च्या आसपास, फेज व भूतार यांतही जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल व भूतार यांत भार असताना दोन-तीन व्होल्टच असावेत. दुसरे माप भरकटत असेल तर भूसंपर्क तुटलेला आहे. काही दिवे एकाएकी प्रखर व काही मंद होऊ लागले, तर मुख्य न्यूट्रल सुटल्याची शंका धरून तत्काळ मेन स्विच बंद करावा. कारण तीन फेजांच्या पुरवठ्यात तेव्हा दाब ४०० च्या दिशेने चढू शकतो.

राजस्थानच्या रेताड जमिनीत आणखी एक दक्षता हवी. भूसंपर्काचा खड्डा वैशाखात कोरडा पडतो आणि पावसाळ्यात नीट भासलेला संपर्क नेमका कूलरच्या दिवसांत निकामी होतो. त्या खड्ड्यात पाणी घालणे आणि मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा स्विच बसवणे, यांचा खर्च संगणकाच्या एका दुरुस्तीहून फारसा जास्त नाही. संगणक पुन्हा कुरकुरू लागला, तर दुकानाची वाट धरण्यापूर्वी गृहस्थाने एकदा आपल्या भिंतींकडे पाहावे.