रक्ताचा लगाम आणि कुळाचा वारसा



बोट कापलें म्हणजे रक्त वाहूं लागतें व थोड्या वेळानें आपोआप साकळतें. रक्ताच्या अंगीं हा गुण नसता, तर लहानशी जखमहि प्राणघातक ठरली असती. परंतु हाच गुण अस्थानीं प्रकट झाला म्हणजे प्राणावर बेततें. पायाच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी होते, ती सुटून हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पुढें जाते आणि फुप्फुसाच्या रोहिणींत अडकते. मनुष्यास एकाएकीं धाप लागते, छातींत कळ येते. गुठळी मोठी असल्यास मृत्यूहि ओढवतो. ही गुठळी बहुधा दुरून वाहत येते, हें जर्मन वैद्यकपंडित रूडोल्फ फिरखो यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें.

परंतु एकच शस्त्रक्रिया झालेल्या दोघांपैकीं एकालाच हें संकट कां गांठतें? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग रक्तांतील प्रथिनांत आहे.

रक्त साकळविणारीं प्रथिनें आहेत, तशीं त्यांना आवरणारींहि आहेत. थ्रॉम्बिन हें साकळविण्याचें प्रमुख साधन. अँटिथ्रॉम्बिन त्यास निष्प्रभ करतें. ‘सी’ नांवाचें प्रथिन ‘एस’ नांवाच्या प्रथिनाच्या साह्यानें पांचव्या व आठव्या क्रमांकाच्या साकळविणाऱ्या घटकांस तोडून टाकतें. हे लगाम ढिले पडले, कीं गुठळीस वाव मिळतो.

१९६५ सालीं नॉर्वेंतील एगेबर्ग यांनीं एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरांत गुठळ्यांचा विकार अनेकांस झाला होता व त्यांच्या रक्तांत अँटिथ्रॉम्बिन सुमारें निम्मेंच होतें. १९९३ मध्यें स्वीडनमधील डालबेक यांना असें आढळलें, कीं कित्येकांचें रक्त ‘सी’ प्रथिनास दाद देत नाहीं. पुढच्याच वर्षीं हॉलंडांतील लायडन येथें याचें कारण उमगलें. पांचव्या घटकाच्या सांखळींत ५०६ व्या स्थानीं आर्जिनीनऐवजीं ग्लुटामीन आलें होतें. आणि ‘सी’ प्रथिनाची कात्री नेमकी तेथेंच चालावयाची! हा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरांत सुमारें पांचांना असतो. भारतांत एकंदरीनें त्याहून विरळ आढळतो. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘ओ’ रक्तगटाच्या लोकांहून इतर गटांच्या लोकांत आठवा घटक सरासरीनें अधिक असतो व गुठळीचा धोकाहि कांहींसा अधिक असतो.

तथापि वारसा म्हणजे ललाटलेख नव्हे. लायडनचा दोष आईबापांपैकीं एकाकडूनच आला असल्यास धोका कांहीं पटींनीं वाढतो, दोघांकडून आल्यास फारच वाढतो. तरी पहिल्या प्रकारच्या बहुतेक माणसांना आयुष्यभर एकहि गुठळी होत नाहीं. मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टरांत जखडलेला पाय, दीर्घ अंथरूण, गर्भारपण व बाळंतपण, कर्करोग, ईस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, असा एखादा प्रसंग वारशास येऊन मिळाला, म्हणजे बहुधा अनर्थ घडतो. आणि प्रसंग पुष्कळदां आधीं ठाऊक असतो, हेंच आपलें भाग्य!

म्हणून एक विनंती आहे. आपल्या घरांत दुखण्यांविषयीं मौन पाळण्याची रीत आहे; मुलीच्या सोयरिकींत विघ्न नको, म्हणून तर विशेषच. ‘आत्या बाळंतपणांत गेल्या’, ‘काका एकाएकीं गेले’, एवढ्यावर कथा संपते. परंतु ते कशानें गेले, पायास सूज आली होती काय, वय काय होतें, हें वडीलधाऱ्यांस विचारून ठेवावें व शस्त्रक्रियेपूर्वीं किंवा गर्भारपणीं डॉक्टरांस सांगावें. सर्वांनींच रक्त तपासून घेण्याची गरज नाहीं. तें डॉक्टर ठरवितील. माहिती असेल तर रोग्यास लवकर चालतें करतां येतें, हिपॅरिनसारखें औषध वेळेवर देतां येतें. हें औषध अँटिथ्रॉम्बिनचेंच बळ वाढवितें. म्हणजे निसर्गाचाच लगाम आंखडून धरतें.

आणि एकाच पायास अकस्मात् सूज आली, किंवा कारणावांचून धाप लागून श्वास घेतांना छातींत कळ येऊं लागली, तर घरगुती उपायांत घटकाहि न दवडतां रुग्णालय गांठावें. कुळाकडून काय यावें, हें आपल्या हातीं नाहीं. आलेलें ओळखून सावध राहणें मात्र खास आहे.