ऑपरेशनानंतरचे महिने

(मिशनच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



आज मी फारशा न ऐकलेल्या एका जन्मजात व्यंगाविषयी बोलणार आहे. आपल्या गुडघ्याच्या आत दोन मजबूत लिगामेंट एकमेकांवर फुलीसारखे असतात. एक नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही, दुसरा मागे. काही बाळे यांपैकी एक किंवा दोन्ही नसतानाच जन्माला येतात. एक्स-रेवरून याचे वर्णन १९५६ मध्ये झाले. दहा लाख जन्मांमागे सुमारे १७ बाळांत हे आढळते, असे सांगतात. पुष्कळदा मांडीचे हाड आखूड असते किंवा नडगीशेजारचे बारीक हाड अपुरे असते. कधी गुडघा जन्मतःच निखळलेला असतो.

असे लेकरू सपाटीवर चालते. पण डोंगरउतारावर, शेताच्या बांधावर किंवा डोक्यावर पाण्याचा हंडा असताना गुडघा अचानक दगा देतो. मग घरचे रागावतात, शाळेत आळशी म्हणतात. काही जण भगताकडे नेतात, कारण दवाखान्यापेक्षा तोच जवळ असतो.

प्रत्येकाला ऑपरेशन लागते असे नाही. मांडीचे स्नायू व्यायामाने बळकट केले, गरजेप्रमाणे पट्टा बांधला, तर अनेक मुले चांगली सावरतात. मात्र गुडघा वारंवार निसटत राहिला तर आतली गादी फाटते आणि तरुणपणीच सांधा झिजतो. तेव्हा शल्यचिकित्सक रुग्णाच्याच शरीरातील स्नायूबंध घेऊन, हाडांत बोगदे पाडून, त्या जागी नवा लिगामेंट बसवतात. मुलांच्या हाडांची टोके वाढत असतात. त्यांना इजा होऊ नये म्हणून वेळ जपून निवडावी लागते, कधी वाढ संपेपर्यंत थांबावे लागते.

आमच्या भागातील आश्रमशाळेतल्या एका मुलीचे असेच झाले. एमआरआयमध्ये पुढचा लिगामेंट नसल्याचे दिसले. आधी व्यायाम झाले, पुढे वय पाहून ऑपरेशन ठरले. पैशांची सोय झाली. आम्ही आनंदाने घरी सांगायला गेलो, तर तिचे वडील म्हणाले, “ताई, ऑपरेशन होईल हो. पण नंतर हिला घेऊन बसणार कोण? आम्हाला तर ऊसतोडीला जायचंय.”

बंधूभगिनींनो, खरा प्रश्न त्यांनीच विचारला. ऑपरेशन काही तासांचे, पण पुढे कुबड्या, मग फिजिओथेरपी, असे ९ ते १२ महिने जातात. व्यायाम सुटला तर गुडघा आखडतो आणि सारे कष्ट वाया जाऊ शकतात. घरचे एक माणूस सोबत थांबले तर त्या घराची मजुरी बुडते. त्या मुलीसाठी आम्ही आधी आईची राहण्याची सोय व किराणा ठरवला, मगच तारीख घेतली. आज ती स्वतः पाणी भरते.

प्रेषितांची कृत्ये, तिसऱ्या अध्यायातील जन्मापासून पांगळा माणूस आठवा. लोक त्याला रोज उचलून मंदिराच्या दाराशी ठेवत. पेत्राने त्याचा उजवा हात धरून त्याला उठवले. तो तत्काळ चालू लागला. आपल्या लेकरांना वेळ लागतो, म्हणून आपल्याला हात अधिक काळ धरून ठेवावा लागतो.

तेव्हा माझी विनंती अशी. ऑपरेशनला देणगी देताना त्यानंतरच्या महिन्यांसाठीही द्या: बसभाडे, पट्टा, खोलीचे भाडे, सोबतच्या आईचे धान्य. शहरातील मंडळींनी एकेका कुटुंबाची आठवड्यातून एकदा भेट घ्यावी. आणि पाड्यांवर काम करणाऱ्यांनी वारंवार पडणाऱ्या मुलाला रागावण्याआधी तपासणीला न्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व शाळेत येते. त्या दिवशी अशा मुलाला आवर्जून पुढे आणा.

प्रभू आपणा सर्वांना धीर धरून सेवा करण्यास बळ देवो. आमेन.