रोजची गोळी, वर्षांचा आधार
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)





रक्ताच्या कर्करोगावरील औषधयोजनेविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आम्ही प्रशासनातली माणसे; वैद्यकशास्त्र आमचे क्षेत्र नव्हे. परंतु डॉक्टरांची चिठ्ठी बदलली की रुग्णालयाचा जमाखर्चही बदलतो, आणि तो बदल देणगीदारांना ठाऊक असावा.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांना पूर्वी हायड्रॉक्सियुरिया किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. रोग समूळ जाण्याची आशा अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरतीच असे. २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. या रोगात पेशींना अखंड वाढावयास लावणारे एक सदोष प्रथिन तयार होते. इमॅटिनिब त्यालाच रोखते. सुरुवातीच्या टप्प्यातील नेहमीची मात्रा दिवसाला ४०० मिलिग्रॅम. उपचार खाटेवरून घरी आला.

मात्र औषध असणे आणि ते परवडणे यांत मोठे अंतर होते. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकचा खर्च दरमहा सुमारे १,२०,००० रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८,००० ते १०,००० रुपये असे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त औषधाचा मार्ग खुला राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणूनच चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव असण्याला आमच्या लेखी मोठे मोल आहे.

बालकांमध्ये अधिक आढळणाऱ्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची रीत निराळी. आरंभी स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅस्पॅरॅजिनेज अशी औषधे एकत्र दिली जातात. पुढे दीर्घकाळ रोज मर्कॅप्टोप्युरिन व आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. रक्ततपासणी पाहून मात्रा कमीअधिक केली जाते. एकूण उपचार दोन ते तीन वर्षे चालतो.

दोन्ही आजारांत खरा धोका एकच: मूल खेळू लागते, कर्ता पुरुष कामावर जाऊ लागतो, आणि ‘आता बरे आहे’ म्हणून गोळी थांबते. पुष्कळदा ती पैशांअभावी थांबते आणि नातेवाईक संकोचाने सांगत नाहीत. खंड पडला की दबलेला रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. आप्तजनहो, डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी थांबवू नका. अडचण असेल तर आमच्या समाजसेवा विभागाकडे निःसंकोच या.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. ते आमचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याचा उपचार घरी चालतो, त्याला खाटेइतकाच गोळीचा आधार लागतो. खोलीवर नाव कोरता येते, गोळीवर येत नाही. तरीही देणगीदारांनी औषधनिधीस दरवर्षी नियमाने हातभार लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे. एकदाच मिळालेली मोठी रक्कम उपयोगी पडतेच. दरवर्षी येणारी लहान रक्कम उपचार खंडित होऊ देत नाही.

ज्या महर्षी कर्वे यांचे नाव आपल्या कर्वेनगरास लाभले, ते हिंगण्याहून पुण्यास शिकविण्यासाठी रोज पायी जात. रोजच्या पावलांनीच मोठे कार्य उभे राहते, ही या भूमीची शिकवण आहे.